नूडल्सच्या भुताची चाल

"कुमुदवहिनी नवी चाल घेऊन आल्यात गं! आधी टाळ्या वाजवा, मग टाळ!"

सुमनताईंनी असं फर्मान काढल्यावर कोणाची बिशाद आहे न वाजवायची? दत्तमंदिराच्या सभामंडपात बसलेल्या आम्ही सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुमुदवहिनी म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणते. त्यांनी पेटीची खोळ काढली, घडी करून मांडीखाली ठेवली, भाता दोनदा हलवून बघितला. ती पेटी माझ्या सासऱ्यांची, नानांची. नाना गेल्यापासून ती खोळीतून बाहेर आली नव्हती आणि आईंच्या गळ्यातून सूरही बाहेर पडला नव्हता. दीड वर्ष सरलं होतं. कराडच्या आमच्या कॉलनीतलं महिला भजनी मंडळ तोवर जुन्याच चालींवर कसंबसं चाललं होतं.

आईंनी घसा साफ केला आणि शब्दांशिवाय, नुसत्या ला-ला-लावर चाल म्हणून दाखवली.

माझ्या हातातला टाळ मांडीवर पडला.

कारण ती चाल मला पाठ होती. त्या चालीवर मी कणीक मळत होते, भांडी घासत होते, केस विंचरत होते. ती नूडल्सच्या भुताची चाल होती.

आता हे भूत कोण, ते सांगायला हवं. मी पुण्याला हॉस्टेलवर असताना एका मैत्रिणीनं मला जपानी कार्टून मालिकांचा नाद लावला. मारामारीच्या, जग वाचवण्याच्या मालिका मला झेपत नाहीत. मला आवडायच्या त्या विनोदी. आणि खरं सांगायचं तर मालिकेहून जास्त आवडायचं तिच्या सुरुवातीचं गाणं. दीडच मिनिटाचं, पण काय गंमत असते त्यात! सगळी पात्रं धावताहेत, आपटताहेत, कुणाच्या डोक्यावर पातेलं पडतंय, आणि मागे असला ठेका की बसल्या जागी खांदे उडावेत. लोक ते गाणं पुढे ढकलून थेट गोष्टीवर जातात. मी कधीच ढकललं नाही. उलट मागे नेऊन दोनदा ऐकायची.

आईंनी ही चाल बसवली त्या वर्षी माझी लाडकी मालिका होती एका नूडल्सच्या दुकानात राहणाऱ्या भुताची. भुताला भूक लागते, पण खाता काही येत नाही, सगळं आरपार पडतं. तरी बिचारं रोज नव्या वाडग्यावर झडप घालतं. गाणं सुरू व्हायचं ते वाडग्यावर चमचा वाजवून. मग दोन जाड आवाजाचे पुरुष धावतपळत गायचे, आणि कडव्याच्या शेवटी, "पेको पेको, पेको पेको..." एक क्षण सगळं थांबायचं, दोन टाळ्या पडायच्या, आणि सगळे ओरडायचे, "हाई!"

ते थांबणं, त्या दोन टाळ्या, सगळं जसंच्या तसं आईंच्या चालीत आलं होतं. दोन टाळ्यांच्या जागी त्यांनी टाळाचे दोन ठोके मागितले.

"इथं सगळ्यांनी थांबायचं," आई म्हणाल्या. "मग दोनदा टाळ. मग जोरात शेवटचा शब्द. जमेल ना गं, शलाका?"

सगळ्यांना सोडून त्यांनी मलाच विचारलं. मी मान हलवली.

सुमनताई आमच्या मंडळाच्या कवयित्री. त्यांनी तिथल्या तिथे शब्द बसवले: "औदुंबराखाली माझा बसला गं राणा, दत्त दत्त, दत्त दत्त... म्हणा!" ढोलकीवर रंजनाताई होत्या. एरवी त्या झोप येईल असा ठेका धरत, पण त्या दिवशी त्यांची ढोलकी नुसती उड्या मारत होती. तिसऱ्या वेळेला सगळ्या बायका डोलायला लागल्या. आणि आई! त्यांचा चेहरा मी लग्नानंतर पहिल्यांदा असा उजळलेला पाहिला. आवाज थोडा घोगरा झाला होता, पण वर चढताना मागे हटत नव्हता.

"अगं बाई, वहिनी, ही चाल सुचली तरी कुठून?" सुमनताईंनी विचारलं.

"येते अशीच कानावर," आई म्हणाल्या आणि पेटीची खोळ चढवायला लागल्या.

मी मनात म्हटलं, झालं. यांना पत्ताच नाही. माझ्या खोलीतून, स्वयंपाकघरातून गाणं यांच्या कानावर पडत राहिलं, कुठेतरी आत जाऊन बसलं, आणि आता यांना वाटतंय की आपल्यालाच सुचलं.

नुसतं भजन असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. भजनाला सिनेमाच्या चाली लावतातच की. गल्लोगल्ली लावतात. पण आमच्या मंडळाचा तोरा असा की कुमुदवहिनींनी आयुष्यात कधी उष्टी चाल घेतली नाही. नाना पेटीवर बसायचे, आई गुणगुणायच्या, आणि दोघांमध्ये चाल तयार व्हायची. तालुक्यात त्यांचं नाव होतं ते त्यामुळेच. त्यात दत्तजयंतीच्या आदल्या रविवारी भजन स्पर्धा होती आणि सुमनताईंनी त्याच तालमीत नियम वाचून दाखवला होता, 'सिनेमातील चालीस गुण मिळणार नाहीत. स्वतंत्र चालीस खास बक्षीस.' हे ऐकून सगळ्या बायकांनी आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "ही सिनेमाची नाही, एवढं खरं." त्यावर सगळ्या हसल्या. मी सोडून.

आता मी काय करावं? सांगावं, तर दीड वर्षांनी उघडलेला गळा पुन्हा बंद. त्या मानी बाई. चार बायकांत आपली चाल चोरीची निघाली म्हटल्यावर त्या पेटीला पुन्हा हात लावणार नाहीत, हे मला दिसत होतं. न सांगावं, तर भर स्पर्धेत कुणीतरी ओळखणार.

रात्रीचं जेवण झाल्यावर सांगू म्हटलं, तर आमच्या घरात 'जेवण झाल्यावर' असं काही नव्हतंच. माझा नवरा संग्राम पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघीच. आई दिवेलागणीलाच दूधभाकरी कुस्करून घ्यायच्या, पुढच्या खोलीत, नानांच्या खुर्चीशेजारी बसून. मी नंतर स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून जेवायची. मधलं दार लोटलेलं. आमचं भांडण नव्हतं हो. भांडायला तरी बोलावं लागतं. त्यांचं दुःख एवढं मोठं होतं की त्यांच्याशी काय बोलावं हे मला कळायचं नाही, आणि मी शहरातली, लॅपटॉपवाली, म्हणून त्याही बिचकत असाव्यात. "दूध आलं का?" "आलं." "गॅस बंद केलास?" "केला." एवढ्यावर आमचे दिवस चालले होते.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते तर आई दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या वेळी कधी येत नसत.

"तुला कशी वाटली गं चाल?"

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. हीच वेळ आहे.

"छान आहे, आई. वेगळी आहे."

"एवढंच?"

"ठेका मस्त आहे."

"हं." ओट्यावरच्या लॅपटॉपकडे त्यांनी पाहिलं. मी भुताचं गाणं लावलेलं नव्हतं. तालमीपासून घरात ते लावायचीच मला भीती वाटत होती. "आज तुझं ते चालू नाही वाटतं?"

"नाही, डोकं दुखतंय जरा."

"बरं," म्हणून त्या गेल्या. मी पोळी तव्यावर टाकली ती करपली.

संग्रामला फोन केला. तो आधी मोठ्यांदा हसला, मग म्हणाला, "अगं, कराडात जपानी कार्टून बघणारी तू एकटीच. कोण ओळखतंय? आई गायला लागली ना? मग गप्प बस आणि टाळ वाजव."

मी गप्प बसले आणि टाळ वाजवला. प्रत्येक तालमीला ती दोन ठोक्यांची जागा आली की आई पेटीवरून मान वळवून माझ्याकडेच बघायच्या. मला वाटायचं, माझा टाळ चुकतोय का हे बघतात. मी आणखी खाली मान घालून वाजवायची.

स्पर्धेचा रविवार उजाडला. नेमका त्या आठवड्यात संग्राम आला नव्हता. दुसऱ्या पेठेतल्या मोठ्या दत्तमंदिरापुढे मांडव घातला होता. आमच्या आधी एका शाळेच्या मुलींचं लेझीम झालं. नऊवारी नेसलेल्या, कपाळाला घाम आलेल्या त्या मुली आपापली लेझीम घेऊन पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या, प्रसादाची वाट बघत. आठवी-नववीच्या असतील. या वयाच्या पोरीच तर असली कार्टून बघतात, हे त्यांना बघून माझ्या लक्षात आलं. कराडात जपानी कार्टून बघणारी मी एकटी, असं म्हणणाऱ्या नवऱ्याला त्या क्षणी तिथे आणून उभं करावंसं वाटलं.

आम्ही स्टेजवर बसलो. आईंनी पेटीला नमस्कार केला. सुमनताईंनी माइक ओढून सांगितलं, "स्वतंत्र चाल! आमच्या कुमुदवहिनींची!" मी डोळे मिटले.

पहिली ओळ झाली. काही नाही. रंजनाताईंची ढोलकी घुमायला लागली. पुढच्या मुलींपैकी एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. दुसरीनं तिसरीच्या कानाला तोंड लावलं. "दत्त दत्त, दत्त दत्त..." ती थांबायची जागा आली. आणि आमचा टाळ वाजायच्या आत समोरून पंधरा-वीस लेझीम एकदम खणाणल्या, खण्ण, खण्ण! आणि सगळ्या मुली एका सुरात ओरडल्या, "हाई!"

मांडव हादरला. मागच्या बायका उठून बघायला लागल्या. सुमनताईंचं तोंड उघडं ते उघडंच. मी आईंकडे पाहिलं. वाटलं, आता पेटी थांबणार, त्या उठणार, आणि सगळं संपणार.

पेटी थांबली नाही.

आई हसत होत्या. मी लग्नात पाहिलं नव्हतं, नंतर पाहिलं नव्हतं, असं दात दिसेपर्यंत हसत होत्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी गाणंच थांबवलं, भाता हलता ठेवून उजवा तळवा मुलींपुढे केला, म्हणा! आणि त्या पोरींनी थेट जपानीत सुरू केलं, "पेको पेको, पेको पेको..." खण्ण, खण्ण, "हाई!" त्यावर आईंनी "दत्त दत्त" उचललं. कडवं पोरींचं एकदा, आमचं एकदा. शेवटी शेवटी मांडवातले पुरुषसुद्धा त्या दोन ठोक्यांना टाळ्या देत होते. मी टाळ वाजवत होते की नाही, मला आठवत नाही.

परीक्षक म्हणून इनामदार सर आले होते, म्हातारे, गाण्याचे शिक्षक. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कुमुदताई, तुमच्या चाली मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे," ते म्हणाले. "ही कोणाची?"

"त्यांचीच की!" सुमनताई तडफेनं म्हणाल्या. पुढच्या मुली फिदीफिदी हसल्या.

आईंनी सुमनताईंच्या हातातला माइक काढून घेतला.

"माझी नाही हो सर. जपानची आहे. मी माझी आहे असं कुणालाच म्हटलं नव्हतं. पण ह्या सगळ्या इतक्या खूश झाल्या की नाही म्हणायचंही राहून गेलं." माइक तोंडापासून दूर गेला, परत जवळ आला. "आमचे हे गेल्यावर मला सूर नकोसा झाला होता. देवाचं नावसुद्धा नुसतं ओठांनी घ्यायची. घरात हसणारं माणूस एकच, ही आमची सून. संध्याकाळी कणीक मळताना हे गाणं लावायची आणि आत एकटीच खुदुखुदु हसायची. मी दाराच्या अलीकडे जप करत बसायची. एक दिवस बघते तर माळ जागच्या जागी, आणि बोटं आपली ठेका धरतायत. दोन टाळ्यांना थांबतसुद्धा होती." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "चाल हिच्याकडून आली. काय बोलायचं ते हिला बोला."

मांडवभर लोक माझ्याकडे बघत होते. मी टाळ तोंडापुढे धरला.

इनामदार सर बराच वेळ हसले. मग म्हणाले, "नियमात सिनेमा लिहिलाय, जपान लिहिलेला नाही. पण स्वतंत्र चालीचं बक्षीस काही मला देता येणार नाही." आम्हाला उत्तेजनार्थ म्हणून एक नारळ आणि स्टीलचा डबा मिळाला. सुमनताई रिक्षा स्टँडपर्यंत गाल फुगवून चालल्या, आणि मग स्वतःच "पेको पेको" गुणगुणायला लागल्या.

रिक्षात आम्ही दोघीच होतो. मध्ये पेटी, तिच्यावर नारळ.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय बहिरी समजतेस?"

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही परत गाणं बंद कराल."

आईंनी पेटीवरून घरंगळणारा नारळ सावरला. कृष्णेचा पूल आला, गेला.

"अगं, मी पहिल्या दिवसापासून वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पहिलीच ओळ ऐकून ही उडी मारेल. आई, हे तर माझं गाणं, म्हणेल. बोलायला काहीतरी निघेल दोघींना. तेवढ्यासाठी तर बसवली चाल. नाहीतर मला काय, जुन्या चाली थोड्या होत्या? मी एकेका ठोक्याला तुझ्याकडे बघायची, आणि तू आपली तोंड पाडून टाळ कुटत बसलेली. घरात ते गाणंही लावायचं बंद केलंस. मग मला वाटलं, हिला राग आला. एवढी एकच वस्तू हिची होती या घरात, तीही म्हातारीनं उचलली."

मला रडूच आलं. अगदी भोकाड पसरून म्हणतात ना, तसं. रिक्षावाल्यानं आरशातून मागे पाहिलं.

"नंबर नाही आला वाटतं?" तो म्हणाला.

"नाही आला," आई म्हणाल्या. "तुम्ही चालवा."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईंनी देवापाशी दिवा लावला, नारळ ठेवला. मग नेहमीसारख्या नानांच्या खुर्चीकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात आल्या, स्टूल ओढलं आणि लॅपटॉपसमोर बसल्या.

"लाव बघू."

मी लावलं. वाडग्यावर चमचा वाजला. भूत दुकानातून धावत सुटलं, खांबाच्या आरपार गेलं, नूडल्सवर झडप घातली आणि तोंडावर आपटलं. आई "अगंबाई!" म्हणून ओरडल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. ते ध्यान त्या पहिल्यांदाच बघत होत्या. इतके दिवस त्यांनी नुसतं ऐकलं होतं, दाराच्या पलीकडून. दोन टाळ्यांची जागा आली तेव्हा आम्ही दोघींनी एकदम टाळ्या वाजवल्या.

"परत लाव," त्या म्हणाल्या. परत लावलं. आणखी एकदा लावलं.

"आता मला एक सांग," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "चाल तर पाठ झाली. पण हे पेको पेको, पेको पेको म्हणजे काय म्हणतंय गं ते?"

"भूक लागलीये म्हणतंय, आई. पोटात कावळे ओरडतायत म्हणतंय."

आईंनी पडद्याकडे पाहिलं. भूत रिकाम्या वाडग्यासमोर बसलं होतं. मग त्यांनी ओट्यावरच्या, माझ्या एकटीच्या ताटाकडे पाहिलं. उठल्या, फळीवरून आपलं ताट काढलं आणि माझ्या ताटाला लावून ठेवलं.

"मग बघत काय बसलीस?" त्या म्हणाल्या. "वाढ की. मलाही लागलीये."